गायरानाला खत कोण घालतो?

शेतात गवत उगवले की आपण त्याला तण म्हणतो आणि उपटून धुऱ्यावर फेकतो. गायरानात तेच गवत कमी आले की चारा नाही म्हणून कपाळाला हात लावतो. गवताची आठवण आपल्याला एवढ्या दोनच वेळी होते. एरवी ते आपले आपण उगवते, वाळते आणि पुढल्या मृगाला पुन्हा उगवते. त्याला कोणी पेरत नाही, पाणी देत नाही, खत घालत नाही, अशी आपली समजूत. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी आता तितकीशी खरी राहिलेली नाही. गायरानाला खत मिळते आहे, आणि ते घालणारा माणूस मात्र कोणाला दिसत नाही. त्याविषयी चार शब्द सांगावेत म्हणून हा लेख.

मी कृषी खात्यातला माणूस. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन या भागात आलो, तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून निराळा झाला. तीसेक वर्षे धानाच्या बांध्यांवरून फिरण्यात गेली. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, कोणता हप्ता केव्हा द्यायचा, हे सांगणे हेच माझे काम. पिकाला खायला घाला, पीक तुम्हाला खायला घालील, हे मी किती गावांत बोललो असेन याची मोजदाद नाही. आणि ते खरेच आहे. धानाला नत्र मिळाले नाही तर पान पिवळे पडते, फुटवे कमी येतात, लोंब हलकी राहते. पण गायरान म्हणजे धानाची बांधी नव्हे. बांधीला जे औषध, ते गायरानाला कुपथ्य कसे होते, हे मला पुस्तकाआधी एका म्हाताऱ्या गायक्याने दाखवले.

आपल्या पूर्व विदर्भात गुरे चरतात ती जागा बहुधा गावठाणालगतचे गायरान, नाहीतर झुडपी जंगल. झुडपी जंगल हा शब्द नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. बरडी जमीन, खाली मुरूम, वर खुरटी झुडपे आणि मधून गवत, अशी ही जागा. मोठे झाड तिथे धरत नाही, म्हणून कागदोपत्री ती कधी जंगल ठरली, कधी पडीत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच मानावी असा निर्णय दिला. सहा जिल्ह्यांत मिळून ती सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. कागदावर काहीही असो, गावाच्या लेखी ती गुरांची भाकर आहे. ज्याच्या घरी एक एकरही शेती नाही, पण दोन गायी किंवा चार शेळ्या आहेत, त्याचे दूध, लेकरांची फी आणि अडीनडीचा पैसा याच जमिनीतून येतो.

देवरीकडच्या एका गावी काही वर्षांपूर्वी ग्रामसभेत चाऱ्याचा विषय निघाला. पावसाळा संपून महिना झाला नव्हता, तोच गुरे उपाशी परतू लागली होती. एक शिकलेला तरुण उठला आणि म्हणाला, "साहेब, धानाले युरिया देल्ला का धान कसा डोलते! मंग गायरानालेच का झालं? चार पोते मारून पाहू ना." सूचना सर्वांना पटली. अनुदानाच्या युरियाचे ४५ किलोचे पोते साडेदोनशे-पावणेतीनशे रुपयांत येते. चार पोत्यांचा खर्च गावाला जड नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बोलण्याआधीच मागे भिंतीला टेकून बसलेला गायकी म्हणाला, "बाबू, आखरावर जाऊन पाहा. बारा मैने शेण पडते तिथं. खताची का कमी आहे? मंग तिथं गायीच्या तोंडी लावाले एक काडी तरी सापडते का?"

लोक हसले. मला मात्र त्याचे बोलणे लागून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर आखरावर गेलो. चरायला निघण्याआधी गावची गुरे जिथे जमतात ती ही जागा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेण-मूत पडलेले. मातीचा रंग काळा, हात घातला तर भुसभुशीत. अशी माती कोणाच्या वावरात असती तर त्याने मिशीला पीळ दिला असता. आणि उगवले काय होते? तरोटा, अघाडा, काटेमाठ, धोतरा आणि कडेने गाजर गवत. जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या, आणि कोवळ्या तरोट्याची वा माठाची आपण भाजी करतो तेवढी सोडली तर गुराच्या कामाचे काही नाही.

तिथून आम्ही बरडीवर चढलो. माती तांबडी, पातळ, पायाखाली खडे. इथे मात्र मारवेल होते, शेडा होता, कुसळी होती. त्यांच्या बुडाशी रानमुगाचे वेल पसरले होते. मध्येच भुईआवळी, निळ्या फुलांची विष्णुक्रांत, कुठे पांढरी मुसळी. दोन्ही हातांची बोटे संपली तरी जाती संपेनात. गायकी म्हणाला, "गाय तोंड मारते ते इथं. दूध येते ते ह्या बारक्या येलांचं."

श्रीमंत मातीत चार जाती आणि दरिद्री मातीत चाळीस, हे आपल्या शेतकरी मनाला उलटे वाटते. पण कारण अगदी साधे आहे. माती हलकी असली की कोणालाच भरपूर खायला मिळत नाही. मग कोणी माजत नाही. कोणी खोल मूळ सोडून जगतो, कोणी पहिल्या पावसात घाईने फुलून मोकळा होतो, कोणी सावकाश वाढतो. रानमुगासारखे शेंगवर्गीय वेल मुळांवरच्या गाठींतील जंतूंकडून हवेतले नत्र मिळवतात आणि आपले पोट आपण भरतात. सगळे अर्धपोटी, पण सगळे पंगतीत. याच पंगतीत नत्राचा ढीग ओतला की दोन-चार जातीच तो भराभर खातात, उंच होतात आणि बाकीच्यांच्या डोक्यावर सावली धरतात. बळी तो कान पिळी, हा न्याय गवतातही चालतो. खालची बुटकी झाडे उन्हावाचून मरतात. २००९ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी खत दिलेल्या गवताच्या बुडाशी दिवे लावून पाहिले. खालच्या झाडांना उजेड मिळाला, तेव्हा त्या जाती टिकल्या. म्हणजे खताने थेट मारले नव्हते, खतावर पोसलेल्या शेजाऱ्याच्या सावलीने मारले होते.

तरोटा शेंगेचा आहे, मग तो खताच्या जागी का माजतो, असे कोणी विचारील. शेंग असली तरी तरोट्याच्या मुळांवर त्या नत्राच्या गाठी येत नाहीत. तो आयत्या नत्रावर वाढणारा आहे. रानमूग स्वतः कमावून खाणारा आहे. आयते मिळू लागले की कमावणाऱ्याची किंमत राहत नाही, एवढाच याचा अर्थ.

या गोष्टीचा सर्वांत जुना पुरावा विलायतेत आहे. लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड नावाचे शेती संशोधन केंद्र आहे. तिथे लॉझ आणि गिल्बर्ट या दोघांनी १८५६ साली जुन्या कुरणाच्या सुमारे सात एकरांवर वाफे पाडले. कशाने गवत जास्त येते, एवढेच त्यांना पाहायचे होते. काही वाफ्यांना काहीच दिले नाही, काहींना नुसते स्फुरद-पालाश, काहींना अमोनियम सल्फेटसारखे नत्राचे खत. हा प्रयोग आजही चालू आहे. नत्राने गवताचे वजन वाढले, यात वाद नाही. पण दोन-तीन वर्षांतच वाफ्यांचे रूप एकमेकांपासून इतके निराळे झाले की ते एकाच कुरणाचे तुकडे आहेत हे ओळखू येईना. ज्यांना दीडशेवर वर्षे काहीही दिले नाही, त्या वाफ्यांत आजही ३५ ते ४५ जाती आहेत. ज्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट भरपूर दिले आणि चुना दिला नाही, तिथे माती आंबट होऊन दोन-तीन जाती उरल्या. नुसते स्फुरद-पालाश मिळालेल्या वाफ्यांत शेंगवर्गीय झाडे वाढली. म्हणजे खत या एका शब्दात सगळे येत नाही. कोणते खत, त्यावर गवताचे नशीब ठरते, आणि सर्वांत जपायचे ते नत्राला.

माती आंबट होते म्हणजे काय, तेही सांगतो. अमोनियाच्या रूपातले नत्र मातीत बदलताना आम्ल तयार होते. आम्ल वाढले की चुन्याचा अंश झिरपून जातो आणि मातीतले ॲल्युमिनियम सुटे होऊन मुळांना जाळते. काळ्या कन्हार जमिनीत चुना असतो, ती काही काळ सोसते. सिहार, बरडी अशा हलक्या जमिनींत ही ताकद कमी. आणि आपली गायराने नेमकी अशाच जमिनींवर आहेत, कारण चांगली जमीन कधीच नांगराखाली गेली.

इथवर माणसाने हाताने टाकलेल्या खताची गोष्ट झाली. आता न दिसणाऱ्या हाताकडे वळू.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण ते कुलूपबंद आहे. झाडाला ते जसेच्या तसे घेता येत नाही. पूर्वी हे कुलूप उघडणारे मुख्यतः दोघेच होते, आकाशातली वीज आणि मातीतले जंतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हवेतल्या नत्रापासून कारखान्यात अमोनिया करण्याची रीत निघाली आणि युरियाच्या पोत्यांची वाट मोकळी झाली. शिवाय कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळताना भट्टीच्या आणि इंजिनाच्या उष्णतेने हवेतले नत्र प्राणवायूशी संयोग पावते आणि त्याचे वायू बनतात. उकिरडा आणि युरिया टाकलेल्या बांध्यांतून अमोनिया उडतो. हे सगळे वर जाते, वाऱ्याबरोबर दहा-शंभर कोस फिरते आणि कधी धुळीबरोबर, कधी पावसाबरोबर खाली येते. बांधीत पडले तर पीक खाते. तळ्यात पडले तर शेवाळ आणि जलपर्णी खाते. गायरानावर पडले तर? तिथेही ते खतच असते. पेरणारा नाही, मागणारा नाही, तरी दरसाल पडणारे.

ते असून असून किती असणार, असे वाटेल. युरोपातील शास्त्रज्ञांनी अशी हद्द धरली आहे की हलक्या जमिनीवरच्या गवतावर हवेतून वर्षाला हेक्टरी १० किलोच्या आसपास नत्र पडू लागले की जाती बदलायला लागतात. हिशेब करा. हेक्टरी १० किलो म्हणजे एकरी ४ किलो, म्हणजे जवळजवळ ९ किलो युरिया. पोत्याचा पाचवा हिस्सा! धानाला एवढे नत्र दाताला लागणार नाही. पण अर्धपोटी पंगतीचा तोल जायला तेवढे पुरते, कारण ते दरवर्षी पडते. २००४ साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील ६८ कुरणांची पाहणी प्रसिद्ध झाली. हवेतून पडणाऱ्या नत्रात हेक्टरी दर अडीच किलोंमागे चार चौरस मीटरच्या चौकटीतली एक जात कमी, असा तिचा हिशेब निघाला. तिथे तर कोणी खताचे पोते फोडलेही नव्हते.

आपल्या जिल्ह्यात अशा वायूंची ठिकाणे कोणती, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. तिरोड्याजवळ २०१२ पासून कोळशावरची वीज तयार होते. पाच संचांची मिळून क्षमता ३३०० मेगावॅट आहे. नागपूरकडे कोराडी आणि खापरखेडा आहेत. कोळसा कोठेही जळो, त्यातून गंधकाचे आणि नत्राचे वायू निघायचेच. प्रश्न फक्त किती अडवले जातात आणि किती सुटतात एवढाच. कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी या वायूंच्या मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवल्या. जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक अडवणारी यंत्रे बसवण्याच्या सक्तीतून सूट दिली. पण सगळे बोट धुराड्याकडे दाखवून आपण मोकळे होऊ नये. रस्त्यावरचे ट्रक आहेत, आणि आपण स्वतःही आहोत. धानाला टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या पोटात साधारण तिसरा हिस्सा ते ४० टक्के जाते. बाकीचे पाण्यात आणि हवेत. कापणीयंत्रामागे राहिलेली तणस पेटवली की तिच्यातले नत्र धुरावाटे जाते. एका टन तणशीत सुमारे साडेपाच किलो नत्र असते. आपल्याच वावरातले ते नत्र आपल्याच गायरानावर उतरते.

या धुराचे आणखीही अंग आहे. नत्राचे वायू आणि कडक ऊन यांच्यातून जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंच असतो तेव्हा हाच ओझोन आपले रक्षण करतो, पण पानाला लागला की पान पिवळे-तपकिरी ठिपके धरते. शेंगवर्गीय झाडांतील बऱ्याच जाती त्याला लवकर बळी पडतात. रस्त्याकडेच्या आणि गिट्टीखदानीजवळच्या गवतावर धूळ बसते ती वेगळीच. अशी तिहेरी मार बसते ती नेमकी त्या बारक्या वेलांवर, ज्यांच्यावर गायक्याच्या मते दूध अवलंबून असते. त्याचे म्हणणे बरोबर आहे. शेंगवर्गीय चाऱ्यात प्रथिने जास्त असतात. ते गेले आणि नुसते ताठर गवत उरले, तर गाय पोट भरून येते पण आटते.

इथे एक गोष्ट मोकळेपणी सांगितली पाहिजे. आपल्या गायरानांची आजची दशा सगळी हवेमुळे झालेली नाही. जागेच्या मानाने गुरे जास्त, दर उन्हाळ्याला वणवे, अतिक्रमण, रायमुनियाची झुडपे ही कारणे गावोगावी उघड दिसतात. हवेतले नत्र ही त्यांच्यात मिसळलेली, न दिसणारी भर आहे. खुराने उघड्या पडलेल्या जमिनीत आयते नत्र मिळाले की आधी येतो तरोटा आणि गाजर गवत.

आता त्या गावाचे काय झाले ते सांगतो. मी ग्रामसभेला म्हटले, चार पोती टाकण्याआधी एक किलो टाकून पाहू. बरडीवर शेजारी-शेजारी एकेक गुंठ्याचे दोन तुकडे काट्यांनी घेरले. एकाला दर पावसाळ्यात किलोभर युरिया, दुसऱ्याला काही नाही. पहिल्या वर्षी युरियाचा तुकडा कमरेइतका वाढला. तरुण मंडळी खूष झाली. दुसऱ्या वर्षीही वाढ तशीच होती, पण वाकून पाहिले तर बुडाशी पिवळा पाचोळा आणि उघडी माती. रानमूग कडेकडेला उरला होता, आतला गेला होता. कडेने तरोट्याने डोके काढले होते. दिवाळीनंतर काटे काढून गुरे सोडली. युरियाच्या तुकड्यातले जाडेभरडे, कुसळ धरलेले गवत गुरांनी शेंड्याला तोंड लावून सोडले. दुसऱ्या तुकड्यात मान खाली घालून शेवटपर्यंत चरली. दोन गुंठे आणि दोन पावसाळे यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण गावाला निर्णय घ्यायला तेवढे पुरले. पोती गायरानावर गेली नाहीत.

तो तरुण मात्र गप्प बसला नाही. म्हणाला, "साहेब, हे समजलं. पण गाय तं उपाशीच आहे ना?" त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर न देता गायरान वाचवा म्हणणे म्हणजे भुकेल्याला उपदेश करणे. उत्तर असे की खत द्यायचे तर पेरलेल्या चाऱ्याला द्यावे. नेपियर, मका, लावलेले मारवेल ही पिके आहेत. त्यांना नत्र मानवते. तलावाच्या पाटाखाली ओल राहते अशा जागी महिला बचत गटाने नेपियरची ठोंबे लावली, तर बिनशेतीच्या घरांनाही चार पेंढ्या मिळतात.

आणि युरिया वापरायचाच असेल तर तणशीवर वापरावा. १०० किलो वाळलेल्या तणशीला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, थर पायाने दाबावेत आणि ढीग प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकावा. तीन आठवड्यांनी उघडून, लागेल तेवढी तणस काढून, अमोनियाचा वास जाईपर्यंत हवेला पसरावी आणि मग घालावी. तणस मऊ होते, गुरे चवीने खातात, पचते आणि प्रथिनेही वाढतात. सुरुवातीला साध्या तणशीत थोडी मिसळून सवय लावावी. सहा महिन्यांखालच्या वासराला ती देऊ नये. युरियाचे पाणी गुराच्या तोंडाशी कधीही येऊ देऊ नये, ते विष आहे. त्या गावात पहिल्या वर्षी तीन घरांनी हे केले, त्यांत त्या तरुणाचे घर होते. तणस जाळण्याचा प्रश्नही तिथेच सुटला, कारण जी वस्तू गाय खाते ती कोणी पेटवत नाही.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. बांधीत युरिया टाकताना साचलेले पाणी आधी काढावे, चिखलावर हप्त्याहप्त्याने खत द्यावे आणि मग पाणी घ्यावे. त्याने उडून जाणारे नत्र वाचते आणि पैसाही वाचतो. पानाच्या रंगाचा तक्ता आणि माती परीक्षण याच कामासाठी आहेत. उकिरडा गायरानाच्या चढावर घालू नये, नाहीतर पहिल्या पावसात त्याचा अर्क गवतात उतरतो. गायरानावरचे शेण वेचून वावरात न्यावे. दरवर्षी गायरानाचा एक भाग राखावा, फुलोऱ्यावर असताना गवत कापून गंजीला न्यावे, आणि दुसरा भाग बी पडण्यासाठी तसाच सोडावा. पुढच्या वर्षी अदलाबदल करावी. कापून नेलेल्या प्रत्येक भाऱ्याबरोबर आलेले जादा नत्र बाहेर जाते आणि बुडाशी ऊन पोचते. कोठे नवा कारखाना, खदान वा वीजकेंद्र येण्याआधी जनसुनावणी होते. तिथे आपण शेतीच्या आणि रोजगाराच्या गोष्टी बोलतो. गायरानावर काय पडणार, हेही लेखी विचारावे. गायरानाच्या वतीने बोलणारा आपल्याशिवाय कोणी नाही.

हे करून फळ मिळते का? रॉथमस्टेडच्या कुरणातच त्याचे उत्तर आहे. विलायतेत १९८० च्या दशकानंतर हवेतल्या नत्राच्या वायूंना आळा बसू लागला. तेथील काही वाफ्यांना नत्राचे खत देणेही थांबवले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की अशा वाफ्यांत गेलेल्या जाती हळूहळू परतल्या, विशेषतः शेंगवर्गीय झाडे. वीसहून अधिक वर्षे लागली, पण परतल्या. यासाठी जवळपास कोठेतरी त्यांचे बी शिल्लक असावे लागते. ते सगळीकडूनच नाहीसे झाले, तर हवा कितीही स्वच्छ झाली तरी परत कोण येणार?

अति तेथे माती, ही म्हण आपण माणसांना लावतो. गवताला ती अक्षरशः लागू पडते. म्हणून यंदा पोळा झाला की एक दिवस काढा. काठीने गायरानावर पावलाभराची एक चौकट आखा, पोरांना आणि गावच्या गायक्याला बोलवा, आणि आत किती जातींची झाडे आहेत ती नावानिशी शाळेच्या वहीत लिहून ठेवा. नावे गायकी सांगेल, पोरे लिहितील. पुढच्या पोळ्याला त्याच जागी पुन्हा मोजा. आपल्या गायरानाला कोण किती खत घालतो, हे ती वही दोन-चार वर्षांत तुम्हाला सांगू लागेल.